घरच्या संगणकाचा पहारेकरी : मोफत की विकतचा?

२७ जून २०१७ रोजी सायंकाळी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलमधील संगणक अचानक निकामी झाले. ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या नावाने ओळखले जाणारे हे टर्मिनल मर्स्क या डॅनिश उद्योगसमूहातील कंपनी चालविते. वर्षाला १८ लाख टीईयू कंटेनर हाताळण्याची क्षमता असलेल्या या टर्मिनलमध्ये कंटेनरच्या नोंदी हाताने करण्याची वेळ आली आणि मालमोटारींची कोंडी झाली. त्याच दिवशी युक्रेनमधून सुटलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीने मर्स्कचे जगभरचे जाळे ठप्प केले होते. त्याचाच फटका रायगडच्या किनाऱ्यालाही बसला.

ही घटना येथे आठवण्याचे कारण असे, की इतक्या मोठ्या समूहाकडे अँटिव्हायरस विकत घेण्यासाठी पैसे नव्हते, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही संगणक बंद पडले. मग अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या घरातील एका संगणकासाठी ‘मोफत अँटिव्हायरस पुरेल की विकतचाच घ्यावा’ हा प्रश्न विचारताना आधी एक गोष्ट समजून घ्यावयास हवी. अँटिव्हायरस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे कळल्याखेरीज त्याची किंमत ठरविण्यात अर्थ नाही.

पहारेकरी चोर कसा ओळखतो?

अँटिव्हायरसचे काम तीन प्रकारे चालते. पहिला प्रकार ओळखखुणेचा. यापूर्वी सापडलेल्या घातक फाइलींच्या खुणांची एक यादी सॉफ्टवेअरजवळ असते. संगणकात आलेली प्रत्येक फाइल या यादीशी ताडून पाहिली जाते. पोलीस ठाण्यात लावलेल्या गुन्हेगारांच्या छायाचित्रांसारखाच हा प्रकार होय. छायाचित्र असेल तर गुन्हेगार ओळखू येतो, नवा असेल तर निसटतो. म्हणूनच ही यादी दिवसातून अनेकदा ताजी करावी लागते.

दुसरा प्रकार वर्तनाचा. एखादा प्रोग्राम एकामागून एक शेकडो फाइली उघडून त्या कुलूपबंद करू लागला, तर त्याचे नाव यादीत नसले तरी तो संशयास्पद ठरतो. तिसरा प्रकार इंटरनेटच्या साहाय्याने चालतो. अनोळखी फाइलीची माहिती कंपनीच्या सर्व्हरकडे जाते आणि तेथून क्षणार्धात निवाडा येतो.

यातील मर्मस्थान उघड आहे. पहिला प्रकार ताज्या यादीवर आणि तिसरा चालू इंटरनेटवर अवलंबून आहे. जो प्रोग्राम वापरकर्त्याने स्वतःच्या हाताने, सूचनांकडे काणाडोळा करून सुरू केला, त्याच्यापुढे तिन्ही प्रकार लंगडे पडतात. नॉटपेट्याच्या बाबतीत तर ही घातक आज्ञावली युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून आत शिरली. मुख्य दरवाजातून, ओळखीच्या माणसाच्या हाताने आलेल्या पाहुण्याला पहारेकरी अडवीत नाही.

मोफत म्हणजे नेमके काय?

एके काळी घरच्या संगणकासाठी अँटिव्हायरस म्हणजे दुकानातून आणलेली सीडी आणि खोक्यातील किल्लीक्रमांक, असे समीकरण होते. महाराष्ट्राशी त्याचा जवळचा संबंध आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करीत असत. १९९०च्या दशकात दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी त्यांचे बंधू संजय काटकर यांनी साधने तयार केली. त्यातूनच ‘क्विक हील’ हे उत्पादन उभे राहिले. २००७ मध्ये कंपनीने हेच नाव धारण केले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात दाखल झाली. गावोगावच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्यांमार्फत असे सॉफ्टवेअर घराघरांत पोहोचले.

त्या काळी विंडोजमध्ये स्वतःचे असे पुरेसे संरक्षण नव्हते. ही स्थिती हळूहळू बदलली. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये ‘सिक्युरिटी इसेन्शियल्स’ हा मोफत अँटिव्हायरस दिला. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस विंडोजचाच भाग बनला. आज विंडोज ११ असलेल्या प्रत्येक संगणकात तो असतो. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, वर्गणी संपत नाही आणि जाहिरातींच्या खिडक्याही फारशा उघडत नाहीत. आरंभीच्या काळात स्वतंत्र चाचण्यांत तो मागे पडत असे, हे खरे. परंतु जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ आणि ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ या प्रयोगशाळांच्या अलीकडच्या वर्षांतील चाचण्यांत त्याने नामवंत विकतच्या सॉफ्टवेअरच्या बरोबरीने गुण मिळविले आहेत.

याखेरीज ‘अवास्ट’, ‘एव्हीजी’, ‘अविरा’, ‘बिटडिफेंडर’ अशा कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती देतात. तिच्यातील विषाणू ओळखणारे मूळ यंत्र सामान्यतः विकतच्या आवृत्तीतलेच असते. फरक असतो तो जोडसुविधांत. आणखी एक गंमत अशी, की नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चार वेगवेगळी वाटणारी नावे २०२२ नंतर ‘जेन डिजिटल’ या एकाच कंपनीच्या छत्राखाली आली आहेत. चार दुकानांत भाव विचारणाऱ्या ग्राहकाने हे ध्यानात ठेवावे.

मोफत वस्तूची किंमत कोणीतरी कोठेतरी मोजत असतो. बहुतेक ठिकाणी ती ‘आता विकतची आवृत्ती घ्या’ अशा सततच्या आर्जवांच्या रूपाने वसूल होते. क्वचित ती अधिक महागही पडते. अवास्टने आपल्या ग्राहकांनी इंटरनेटवर कोणती पाने पाहिली याची माहिती ‘जंपशॉट’ या उपकंपनीमार्फत विकल्याचे उघडकीस आल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली. या प्रकरणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. तेव्हा मोफत सॉफ्टवेअर बसविताना ‘माहिती अन्य कंपन्यांना द्यावी काय’ हा प्रश्न न वाचताच ‘होय’ म्हणू नये.

विकतच्यात जादा काय मिळते?

विकतच्या आवृत्तीची किंमत एका संगणकासाठी वर्षाला काही शे रुपयांपासून पुढे, किती यंत्रे आणि कोणत्या सुविधा यांनुसार वाढत जाते. त्या पैशांत प्रामुख्याने पुढील गोष्टी मिळतात : मुलांच्या वापरावर मर्यादा घालण्याची सोय, पासवर्ड सांभाळणारी तिजोरी, बँकेच्या व्यवहारासाठी वेगळा सुरक्षित ब्राउझर, व्हीपीएन, एकाच वर्गणीत घरातील तीन-चार संगणक व मोबाइल, आणि अडचण आल्यास दूरध्वनीवर मदत.

यांतील पहिल्या दोन सुविधा विंडोजमध्ये व ब्राउझरमध्ये मोफतही मिळतात. व्हीपीएनची घरगुती वापरकर्त्याला क्वचितच गरज भासते. खरे मोल आहे ते शेवटच्या दोन बाबींचे. घरात चार यंत्रे आहेत, वापरणारे ज्येष्ठ नागरिक आहेत, मुले नोकरीनिमित्त मुंबईत किंवा परदेशात आहेत, आणि पडद्यावर काही विचित्र दिसले तर मराठीत समजावून सांगणारा माणूस हवा आहे, अशा घराला विकतचा अँटिव्हायरस उपयोगी पडतो. तेथे ग्राहक सॉफ्टवेअरबरोबर मदतीचा हातही विकत घेत असतो.

खरेदी करताना दोन पथ्ये पाळावीत. पहिल्या वर्षाची सवलतीची किंमत आणि दुसऱ्या वर्षाच्या नूतनीकरणाची किंमत यांत पुष्कळदा मोठी तफावत असते. कार्डावरून आपोआप नूतनीकरण होणार असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, किमान २४ तास आधी ग्राहकाला तशी सूचना मिळावयास हवी. ती आल्यावर वाचावी. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. ‘क्रॅक’ केलेला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेला विकतचा अँटिव्हायरस कधीही घेऊ नये. ज्याने कुलूप तोडले त्याने आत आणखी काय ठेवले आहे, हे कोण तपासणार?

नव्या संगणकातील सापळा

नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस काही काळापुरता मोफत बसविलेला असतो. तो सुरू असताना विंडोजचा डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो, कारण दोन पहारेकरी एकाच वेळी एकाच फाइलीवर झडप घालू लागले तर संगणक मंदावतो. मुदत संपल्यावर मात्र घोटाळा होतो. घरच्यांना वाटते, अँटिव्हायरस आहे. तो मात्र नव्या ओळखखुणा घेणे थांबवून केवळ पैसे भरण्याची आठवण करीत राहतो.

यावर उपाय सोपा आहे. तो विकत घ्यावयाचा असेल तर वेळीच घ्यावा, नसेल तर संगणकातून पूर्णपणे काढून टाकावा. तो काढल्यावर डिफेंडर आपोआप कामाला लागतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ हे पान उघडले की सध्या नेमका कोणाचा पहारा चालू आहे, ते दिसते. हे पान महिन्यातून एकदा तरी पाहावे.

भिंतीचे भगदाड

दाराला भक्कम कुलूप लावायचे आणि मागची भिंत पडलेली ठेवायची, असा प्रकार अनेक घरांत आढळतो. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर उणिवेवर दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने नेमक्या त्याच उणिवेतून शिरकाव करून सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक वेठीस धरले. दुरुस्ती मिळून दोन महिने झाले होते. ज्यांनी ती बसविली होती त्यांच्या संगणकात तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

म्हणून विंडोजचे अपडेट ही कटकट नसून संरक्षणाची पहिली फळी आहे. खेड्यापाड्यांत पुष्कळदा संगणक बसवून देणारा विंडोजची चोरटी प्रत घालतो आणि ती पकडली जाऊ नये म्हणून अपडेट बंद करून ठेवतो. अशा संगणकावर कितीही महागडा अँटिव्हायरस घातला तरी भगदाड तसेच राहते.

जुन्या संगणकांचाही हाच प्रश्न आहे. विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी थांबले. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या. विंडोज १० वरील डिफेंडरला नव्या ओळखखुणा २०२८ पर्यंत मिळत राहतील, असेही कंपनीने सांगितले आहे. परंतु ओळखखुणा मिळणे वेगळे आणि भगदाड बुजणे वेगळे. संगणक विंडोज ११ घेण्याइतका सक्षम नसेल तर अँटिव्हायरसच्या वर्गणीचे पैसे नव्या संगणकासाठी बाजूला टाकणे, किंवा उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली बसविणे अधिक शहाणपणाचे ठरते.

जो चोर दारातून येतच नाही

घरगुती वापरकर्त्याचे आज सर्वाधिक नुकसान होते ते विषाणूंपेक्षा फसवणुकीमुळे. ‘वीजबिल न भरल्याने आज रात्री पुरवठा खंडित होईल’ अशा बनावट संदेशांबाबत महावितरणला ग्राहकांना वारंवार सावध करावे लागले आहे. संदेशातील क्रमांकावर फोन केला की पलीकडील व्यक्ती दूरवरून यंत्राचा ताबा घेणारे एखादे सॉफ्टवेअर बसवावयास सांगते. असे सॉफ्टवेअर मुळात कायदेशीर असते. दुरुस्ती करणारेही ते वापरतात. त्यामुळे मोफत असो वा विकतचा, कोणताही अँटिव्हायरस त्याला सहसा अडवीत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या एपीके फाइली मोबाइलमध्ये शिरतात. संगणकावरील पहारेकरी तेथे पोहोचतच नाही.

येथे उपयोगी पडते ती सावधगिरी. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी गोठविले जाण्याची शक्यता अधिक.

संगणकात विषाणू शिरल्याची शंका आल्यास केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मोफत साधने उपलब्ध आहेत. हे केंद्र फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाले. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सेवा केंद्रातून येणाऱ्या पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे, सी-डॅकने तयार केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधनही तेथे मिळते.

किनाऱ्यावरचा वेगळा हिशेब

रायगडच्या किनारपट्टीवर घरच्या संगणकाला आणखी एक पदर आहे. अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे अनेक कुटुंबे पर्यटकांसाठी घरगुती निवासव्यवस्था चालवितात. मुलांचा अभ्यास, घरातील छायाचित्रे, खोल्यांचे आरक्षण, पाहुण्यांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि बँकेचे व्यवहार हे सारे एकाच संगणकावर चालते. अशा संगणकाला निव्वळ ‘घरगुती’ म्हणता येत नाही. कित्येक मोफत अँटिव्हायरसचा परवाना केवळ खासगी, बिगरव्यावसायिक वापरापुरता असतो, तेव्हा अटी वाचूनच निर्णय घ्यावा. शिवाय इतरांची ओळखपत्रे जपण्याची जबाबदारी येथे यजमानावर येते. गरज संपल्यावर त्या प्रती पुसून टाकणे आणि पाहुण्यांसाठी वाय-फायचे वेगळे जाळे ठेवणे, हे दोन्ही उपाय बिनखर्चाचे आहेत. नॉटपेट्या एका संगणकातून दुसऱ्यात गेला तो एकाच जाळ्यातून.

दुसरा पदर निसर्गाचा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले, मोबाइलची सेवा खंडित झाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. इतक्या दिवसांनी सुरू होणाऱ्या संगणकातील अँटिव्हायरसच्या ओळखखुणा शिळ्या झालेल्या असतात. अशा वेळी आधी इंटरनेट जोडून विंडोज व अँटिव्हायरस ताजे होऊ द्यावेत. पेनड्राइव्ह आणि ई-मेलकडे त्यानंतर वळावे.

वादळ आणि खंडणीखोर विषाणू या दोहोंवर एकच उतारा आहे, तो म्हणजे माहितीची दुसरी प्रत. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिली तर विषाणू तीही कुलूपबंद करतो. एक प्रत गावाबाहेर, मुंबई-पनवेलच्या नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरील साठवणीत असावी, कारण घरात पाणी शिरले तर संगणक आणि डिस्क दोन्ही एकदमच भिजतात.

याचा सर्वांत बोलका दाखला मर्स्कच्याच कहाणीत सापडतो. जाळ्यातील सर्व संगणकांची आणि वापरकर्त्यांची ओळख राखणारे त्यांचे जगभरचे सर्व्हर नॉटपेट्याने पुसून टाकले होते. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, आफ्रिकेतील घाना येथील एकच सर्व्हर तेवढा वाचला. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीच्या आधारे कंपनीने दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर पुन्हा उभे केले. वीज जाण्याने एरवी वैतागणाऱ्या कोकणी माणसाला या योगायोगाचे मर्म सांगावयास नको. मात्र असा योगायोग सर्वांच्याच वाट्याला येत नाही. जाळ्यापासून तोडलेली प्रत आपण होऊन ठेवावी लागते.

तर मग निवड कोणती?

ज्या घरात विंडोज ११ ची अधिकृत प्रत आहे, अपडेट चालू आहेत आणि वापरणारे सजग आहेत, त्या घराला डिफेंडर पुरेसा आहे. त्यातील ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ ही सुविधा अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फाइलींत फेरफार करू देत नाही. ती मुळात बंद असते. ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’ या विभागात जाऊन ती सुरू करावी. अशा घराने वर्गणीचे पैसे वाचवून आधी एक हार्ड डिस्क घ्यावी.

ज्या घरात यंत्रे अनेक आहेत, वापरणारे नवखे किंवा वयस्कर आहेत, व्यवसायही त्याच संगणकावर चालतो आणि हाकेला ओ देणारा जाणकार जवळ नाही, त्या घराने विकतचा अँटिव्हायरस जरूर घ्यावा. तो घेताना जाहिरातीपेक्षा स्वतंत्र प्रयोगशाळांचे ताजे निकाल आणि मदतीची भाषा पाहावी. संगणक जुना किंवा प्रत चोरटी असेल, तर कोणताही अँटिव्हायरस घेण्यापूर्वी ती दुरुस्ती करावी.

मुलीच्या लग्नाची छायाचित्रे किंवा दहा वर्षांचा हिशेब एकदा गेला, तर कोणतीही कंपनी तो वर्गणीच्या बदल्यात परत आणून देत नाही. पहारेकरी मोफत ठेवावा की पगारी, हे ज्याच्या त्याच्या गरजेवर अवलंबून आहे. दुसरी प्रत मात्र प्रत्येक घरात हवीच.